दर अपडेटनंतर वेबसाइट गूगलमधून गायब होते: बिघाड कुठून परत येतो आणि तो कायमचा कसा थांबवायचा

व्यवसायाची वेबसाइट गूगलवर व्यवस्थित दिसत असते. मग थीम बदलते, होस्टिंग हलवलं जातं, एखादा विभाग नव्याने बांधला जातो किंवा नुसतं एखादं प्लगइन अपडेट होतं, आणि पुढच्या काही दिवसांत सर्चमधून येणारी माणसं कमी व्हायला लागतात. कुणीतरी एक सेटिंग दुरुस्त करतं, पानं परत दिसू लागतात. पुढच्या अपडेटला पुन्हा तेच.

अशा वेळी दोष अल्गोरिदमला दिला जातो आणि सगळा मजकूर नव्याने लिहायला घेतला जातो. त्यात महिने जातात. घसरणीच्या तारखा तुमच्या अपडेटच्या तारखांशी दरवेळी जुळत असतील, तर कारण तांत्रिकच आहे असं धरून सुरुवात करा. आणि तोच बिघाड परत येत असेल, तर दुरुस्ती चुकीच्या जागी झालेली असते: पानावर दिसणारी खूण पुसली जाते, पण ती खूण जिथून तयार होते ती जागा तशीच राहते. खालच्या प्रत्येक कारणापाशी म्हणूनच दोन प्रश्न घेतले आहेत. बिघाड दिसतो कुठे, आणि तो परत येतो कुठून?

आधी नेमकं काय घसरलंय ते ठरवा

सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनातल्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये १६ महिन्यांपर्यंतची माहिती मिळते. घसरणीआधीचे आणि नंतरचे चार आठवडे समोरासमोर ठेवा आणि ‘पेजेस’ या टॅबमध्ये फरक पाहा. काही ठरावीक पानांचे इम्प्रेशन्स (निकालांत किती वेळा दिसली तो आकडा) जवळजवळ शून्यावर आले असतील, तर ती पानं बहुधा इंडेक्समधून, म्हणजे गूगलच्या साठ्यातून, बाहेर पडली आहेत. इम्प्रेशन्स तेवढेच पण क्लिक कमी, असं असेल तर शीर्षक बदललंय का ते पाहा; थीम बदलताना पानांची शीर्षकं साच्यातून नव्याने तयार होतात आणि सगळीकडे फक्त व्यवसायाचं नाव उरतं, हे फार वेळा घडतं. सगळ्याच पानांचा क्रमांक महिनोन्‌महिने हळूहळू खाली सरकत असेल, तर तो मजकुराचा आणि स्पर्धेचा प्रश्न आहे. तो या लेखाचा विषय नाही.

त्याच वेळी ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ आणि ‘सिक्युरिटी इश्यूज’ हे दोन रिपोर्ट उघडून पाहा. तिथे काही असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते.

शोधपट्टीत ‘साइट’, कोलन आणि डोमेन लिहून किती निकाल येतात ते मोजण्याची सवय अनेकांना असते. त्या आकड्यावर विसंबू नका, तो ढोबळ असतो. खरी माहिती ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये मिळते. मुखपृष्ठ, एक सेवेचं पान, एक उत्पादन, एक वर्गवारी, एक जुना लेख आणि एक नवं पान अशी सहा पानं निवडा. तांत्रिक बिघाड सहसा साच्यासाच्याने पसरतो, त्यामुळे प्रत्येक साच्याचं एक पान तपासलं की पुरतं.

प्रत्येक पानासाठी दोन गोष्टी पाहायच्या: गूगलच्या इंडेक्समध्ये काय नोंद आहे, आणि ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ आत्ता काय दाखवतं. या दोन्हींतला फरकच निदान करून देतो. इंडेक्समध्ये बिघाड आणि लाइव्ह चाचणी स्वच्छ, म्हणजे दुरुस्ती झाली आहे, गूगल परत यायचा आहे. इंडेक्समध्ये सगळं ठीक आणि लाइव्ह चाचणीत बिघाड, म्हणजे घसरण अजून यायची आहे आणि तुमच्या हातात थोडे दिवस आहेत. शेवटच्या क्रॉलची, म्हणजे गूगलने पान शेवटचं वाचल्याची, तारीख जरूर नोंदवा. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: गूगल कोणता पत्ता मूळ मानणार, हे लाइव्ह चाचणी सांगत नाही. ते इंडेक्समधल्या नोंदीवरूनच कळतं.

चाचणीच्या प्रतीतून येणारा नोइंडेक्स

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. बदल आधी स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या प्रतीवर होतात. ती प्रत सर्चमध्ये येऊ नये म्हणून तिच्यावर नोइंडेक्स, म्हणजे ‘हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका’ असा टॅग, लावलेला असतो. मग डेटाबेससकट ती प्रत लाइव्हवर ढकलली जाते आणि नोइंडेक्सही सोबत येतो. वर्डप्रेसमध्ये ही खूण सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ पानावर, ‘डिस्करेज सर्च इंजिन्स’ या चौकटीत असते आणि तिची किंमत डेटाबेसमध्ये साठवली जाते. त्यामुळे लाइव्हवर टिक काढून भागत नाही. पुढच्या वेळी डेटाबेस आला की टिक परत आलीच. ही टिक असताना वर्डप्रेसचा स्वतःचा साइटमॅपही (सर्च इंजिनसाठीची पानांच्या पत्त्यांची यादी) बंद होतो, म्हणून साइटमॅपच्या पत्त्यावर अचानक ४०४ (‘पान सापडत नाही’ हा कोड) यायला लागलं तर पहिली शंका इथेच घ्या.

कायमचा उपाय एकच: स्टेजिंग नोइंडेक्सने झाकू नका, सर्व्हरच्या पातळीवर पासवर्ड लावून बंद करा. पासवर्डमागचं पान कुठलंच सर्च इंजिन वाचू शकत नाही, आणि पासवर्ड सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये असल्यामुळे डेटाबेससोबत तो लाइव्हवर येत नाही.

नोइंडेक्स पानाच्या सोर्समध्ये दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. तो एचटीटीपी हेडरमधूनही, म्हणजे सर्व्हर पानासोबत पाठवतो त्या माहितीतूनही, पाठवता येतो. त्या हेडरचं नाव एक्स-रोबोट्स-टॅग. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘नेटवर्क’ टॅब उघडा, पान पुन्हा लोड करा, पहिली ओळ निवडा आणि रिस्पॉन्स हेडर्स वाचा. हा हेडर बहुधा सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमधून किंवा सीडीएनच्या (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणाऱ्या सेवेच्या) नियमातून येतो, अशा वेळी वर्डप्रेसमध्ये कितीही शोधलं तरी सापडत नाही. पीडीएफ फाइल सर्चमध्ये येत नसतील तर हा हेडर आधी पाहा, कारण पीडीएफमध्ये नोइंडेक्सचा मेटा टॅग (एचटीएमएल सोर्समधली खूण) असूच शकत नाही.

आणखी दोन ठिकाणी फसगत होते. टॅग काढला, पण सीडीएन किंवा कॅशे प्लगइन जुनंच एचटीएमएल देत राहतं. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन्हीकडची कॅशे, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी प्रत, रिकामी करा. दुसरं म्हणजे मूळ एचटीएमएलमध्ये नोइंडेक्स ठेवून तो जावास्क्रिप्टने काढायचा प्रयत्न. नोइंडेक्स दिसला की गूगल ते पान रेंडर करायचंच (स्क्रिप्ट चालवून पाहायचंच) सोडून देऊ शकतो, मग तुमची स्क्रिप्ट चालणार कधी?

रोबोट्स डॉट टीएक्सटी

कोणती पानं वाचायची नाहीत ते बॉटला, म्हणजे सर्च इंजिनच्या पानं वाचणाऱ्या प्रोग्रामला, सांगणारी ही फाइल क्रॉलिंग थांबवते, इंडेक्सिंग नाही. पान या फाइलमध्ये अडवलं आणि पानावर नोइंडेक्सही लावला, तर ते दाराला कुलूप घालून सूचना आतल्या भिंतीवर चिकटवण्यासारखं आहे. बॉट आत शिरतच नाही, त्यामुळे नोइंडेक्स त्याला कधीच दिसत नाही. इतर साइटवरून त्या पानाला दुवे असतील तर वर्णनाशिवाय नुसता पत्ता सर्चमध्ये झळकू शकतो. नोइंडेक्सची ओळ याच फाइलमध्ये लिहिण्याचा जुना प्रकारही बाद आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून गूगल ती वाचत नाही.

हा बिघाड परत येण्याची वाट वेगळी आहे. वर्डप्रेस आणि एसईओ प्लगइन ही फाइल आभासी स्वरूपात तयार करतात. पण सर्व्हरच्या मूळ फोल्डरमध्ये त्याच नावाची खरी फाइल पडलेली असेल, तर सर्व्हर तीच देतो. प्लगइनमध्ये कितीही बदल केले तरी बाहेर काहीच बदलत नाही, आणि डिप्लॉय करताना, म्हणजे बदल लाइव्हवर नेताना, ती खरी फाइल स्टेजिंगवरून पुन्हा येते. म्हणून दोन्हींपैकी एकच ठेवा. आम्ही खरी फाइल ठेवून ती कोडसोबत सांभाळायला सांगू, कारण मग तिच्यातला प्रत्येक बदल नोंदला जातो.

गूगल ही फाइल साधारण २४ तासांपर्यंत साठवून वापरतो, त्यामुळे दुरुस्तीचा परिणाम लगेच दिसला नाही तर घाबरून आणखी काही बदलू नका. सर्च कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये या फाइलचा रिपोर्ट आहे. कोणती प्रत कधी वाचली ते तिथे दिसतं आणि पुन्हा वाचायची विनंतीही करता येते. फाइलच्या पत्त्यावर ४०४ येत असेल तर गूगल ‘बंधन नाही’ असं समजतो. ५०० च्या घरातला, म्हणजे सर्व्हरच्या बिघाडाचा, एरर येत असेल तर मात्र तो आधी संपूर्ण साइटचं क्रॉलिंग थांबवतो. म्हणजे ही फाइल नसण्यापेक्षा बिघडलेली असणं जास्त महागात पडतं.

फायरवॉल: तुम्हाला दिसतं, गूगलबॉटला दिसत नाही

वरची दोन कारणं कुणालाही ब्राउझरमध्ये तपासता येतात. हे येत नाही, म्हणूनच ते वर्षानुवर्षं लपून राहतं. होस्टिंगचं फायरवॉल, सीडीएनची बॉटविरोधी सुरक्षा किंवा एखादं सुरक्षा प्लगइन गूगलबॉटला ४०३ (प्रवेश नाकारल्याचा कोड) देतं किंवा ‘तुम्ही माणूस आहात का’ असं पान दाखवतं. फायरवॉलचे नियम आपोआप अद्ययावत होतात, त्यामुळे तुम्ही काहीही न बदलताही घसरण येऊ शकते. घसरण अपडेटच्या तारखांशी अधूनमधूनच जुळते असं दिसलं, तर इथे पाहा.

पुरावा सर्च कन्सोलच्या सेटिंग्जमधल्या ‘क्रॉल स्टॅट्स’मध्ये मिळतो. त्यात ९० दिवसांची माहिती असते. रिस्पॉन्स कोडनुसार केलेली विभागणी उघडा. ४०३ चा वाटा वाढलेला असेल तर ती पानं गूगलच्या लेखी नाहीशी होत चालली आहेत. ४२९ (‘फार विनंत्या येताहेत’) किंवा ५०० च्या घरातले कोड असतील तर बॉट आधी वेग कमी करतो, आणि ते टिकून राहिले तर पानं काढायला लागतो. देशानुसार अडवणूक केलेली असेल तर हेही लक्षात घ्या की गूगलबॉट बहुतांश वेळा अमेरिकेतल्या आयपी पत्त्यांवरून येतो.

इथे एक चूक खूप जण करतात: आपल्याच ब्राउझरचं यूजर-एजंट (ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो ते नाव) बदलून गूगलबॉटचं नाव लावतात, ४०३ मिळतो आणि दोषी सापडला असं वाटतं. चांगलं फायरवॉल खोट्या गूगलबॉटला अडवणारच. म्हणून खात्री लाइव्ह चाचणीनेच करा. मोकळीक देतानाही यूजर-एजंटच्या नावावर देऊ नका, ते कुणीही लावू शकतं. लॉगमधला आयपी घ्या, त्यावर रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव शोधणं) चालवा, मिळालेलं नाव गूगलबॉट डॉट कॉम किंवा गूगल डॉट कॉमवर संपतं का ते पाहा, आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी मिळतो का ते तपासा. दोन्ही दिशा जुळल्या तरच बॉट खरा. बहुतेक मोठ्या सीडीएनमध्ये पडताळलेल्या बॉटना वगळण्याची सोय आधीच असते. ती चालू करणं स्वतः नियम लिहिण्यापेक्षा सुरक्षित आहे.

याच घरातला आणखी एक प्रकार म्हणजे देखभालीचं पान. काम चालू असताना ‘लवकरच परत येतो’ हे पान २०० (‘सगळं ठीक’) कोडने दिलं, तर गूगलच्या दृष्टीने तुमच्या प्रत्येक पत्त्यावर आता तेच एक वाक्य आहे. देखभालीसाठी ५०३ (‘तात्पुरतं बंद’) कोड द्या, सोबत परत कधी यायचं ते सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर ठेवा, आणि काम एक-दोन दिवसांत संपवा. ५०३ त्याहून लांबला तर पानं इंडेक्समधून गळायला लागतात.

पत्ते बदलले, रीडायरेक्ट हरवले

पानाचा पत्ता बदलला की जुन्यावरून नव्यावर ३०१ (कायमचा रीडायरेक्ट, म्हणजे आपोआप वळवणं) हवाच, आणि तोही एकास एक. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवले तर गूगल त्यांना सॉफ्ट ४०४, म्हणजे प्रत्यक्षात नसलेली पानं, समजतो. रीडायरेक्ट असून नसल्यासारखाच होतो. साखळीही नको. गूगलबॉट १० टप्प्यांपर्यंत मागोवा घेतो, पण प्रत्येक जुना पत्ता थेट शेवटच्या पत्त्याकडे नेणं हेच योग्य. रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा. काढायचं खास कारण नसेल तर काढूच नका.

परत परत हरवण्याचं कारण बहुधा हे असतं: रीडायरेक्ट प्लगइनमध्ये लिहिलेले असतात, प्लगइन ते डेटाबेसच्या तक्त्यात ठेवतं, आणि स्टेजिंगचा डेटाबेस आला की लाइव्हवर भरलेले सगळे रीडायरेक्ट पुसले जातात. महत्त्वाचे रीडायरेक्ट सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये किंवा सीडीएनवर न्या. जुन्या पत्त्यांची यादी तीन ठिकाणांहून गोळा करा: परफॉर्मन्स रिपोर्टची निर्यात, सर्व्हरचे लॉग आणि जुना साइटमॅप. एकट्या साइटमॅपवर अवलंबून राहिलात तर त्याआधीच्या बदलांतले पत्ते सुटतात.

कधी कधी घसरण झालेलीच नसते. साइट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या पत्त्यावरून नसलेल्या पत्त्यावर गेली आणि सर्च कन्सोलमध्ये फक्त जुन्या पत्त्याची नोंद असली, तर आलेख शून्याकडे जातो, पण लोक येत असतात. तिथे डोमेन प्रॉपर्टी (पूर्ण डोमेनची एकत्र नोंद) घ्या आणि तिची मालकी डीएनएसमधून सिद्ध करा. थीममध्ये चिकटवलेला पडताळणीचा टॅग थीमसोबतच जातो, आणि नेमक्या गरजेच्या वेळी रिपोर्ट बंद होतात.

कॅनॉनिकल

कॅनॉनिकल टॅग म्हणजे पानाचा मूळ पत्ता कोणता ते सांगणारी खूण. थीम एक कॅनॉनिकल टॅग लिहिते, एसईओ प्लगइन दुसरा; किंवा सगळ्या पानांचा कॅनॉनिकल स्टेजिंगच्या डोमेनकडे बोट दाखवतो. सोर्समध्ये शोधा: टॅग एकच हवा, पूर्ण पत्त्यासह हवा, आणि त्याच पानाचा हवा. यादीच्या दुसऱ्या, तिसऱ्या पानाचा कॅनॉनिकल पहिल्या पानाकडे दिला, तर मागच्या पानांवरून ज्यांना दुवा मिळतो ती उत्पादनं हळूहळू दिसेनाशी होतात. ही चूक पुष्कळ तयार थीममध्ये मुळातच असते.

गूगल कॅनॉनिकलला आज्ञा मानत नाही, सूचना मानतो. तुम्ही एक पत्ता सांगता, पण मेनूतले दुवे, साइटमॅप आणि रीडायरेक्ट दुसराच पत्ता दाखवत असतील, तर गूगल आपली निवड करतो आणि रिपोर्टमध्ये ‘गूगल चोझ डिफरंट कॅनॉनिकल’ असं येतं. अशा वेळी टॅगशी झटापट न करता बाकीच्या खुणा एका पत्त्यावर आणा.

नव्या डिझाइनमध्ये हरवणारे दुवे आणि मजकूर

नवा मेनू जावास्क्रिप्टने चालतो आणि क्लिक केल्यावर पान बदलतं, पण कोडमध्ये एचरेफ (दुव्याचा पत्ता) असलेला खरा दुवा नसतो. मग बॉटला पुढचा रस्ता मिळत नाही. मोबाइलवर जागा वाचवायला मजकूर गाळला तर तो गूगलसाठीही गाळला जातो, कारण इंडेक्सिंग मोबाइल आवृत्तीवरूनच होतं. घडीत किंवा टॅबमध्ये झाकलेला मजकूर चालतो, पण तो एचटीएमएलमध्ये आधीपासून असायला हवा. क्लिक केल्यावरच सर्व्हरकडून येणारा मजकूर बॉट वाचत नाही, कारण तो क्लिक करत नाही.

‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ ही नोंद मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळी. पान वाचलं गेलं, अडथळा नाही, तरी घेतलं गेलं नाही. नुसतं नाव बदलून बनवलेली एकसारखी पानं बहुधा इथे अडकतात. ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ पुन्हा पुन्हा दाबून ती आत जात नाहीत, गेली तरी टिकत नाहीत. ती एकत्र करून एक भरीव पान करा.

दुरुस्तीनंतरचा क्रम

१. मूळ जागेवर दुरुस्ती करा आणि सगळ्या कॅशे रिकाम्या करा.
२. निवडलेल्या सहाही पानांची लाइव्ह चाचणी घ्या. एकही नापास असेल तर पुढे जाऊ नका.
३. सर्च कन्सोलमधलं ‘रिमूव्हल्स’ उघडा. पूर्वी कुणी साफसफाई म्हणून पानं काढायची विनंती केलेली असेल, तर ती सुमारे ६ महिने लागू राहते. ती रद्द करा.
४. साइटमॅप तपासा: त्यात फक्त २०० देणारे, कॅनॉनिकल असलेले पत्ते हवेत. एका फाइलची मर्यादा ५०,००० पत्ते आणि न दाबलेल्या स्वरूपात ५० एमबी.
५. मोजक्या महत्त्वाच्या पानांसाठीच इंडेक्सिंगची विनंती करा, बाकीच्यांसाठी ‘व्हॅलिडेट फिक्स’ सुरू करा.

साइटमॅपमधल्या लास्टमॉड (पान शेवटचं बदलल्याच्या) तारखेबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. गूगल ती वापरतो, पण ती सातत्याने खरी असेल तरच. प्रत्येक डिप्लॉयला सगळ्या पानांवर आजची तारीख पडत असेल, तर त्या तारखेवरचा त्याचा विश्वास उडतो आणि खऱ्या बदलाच्या वेळीही तो घाई करत नाही. चेंजफ्रीक आणि प्रायॉरिटी या दोन नोंदी गूगल वाचतच नाही. त्या भरण्यात वेळ घालवू नका. बिंगसाठी इंडेक्सनाऊ (पान बदलल्याचं सर्च इंजिनला कळवणारी सोय) चालू करा, तिथे बदल लवकर पोचतो. गूगल ते वापरत नाही.

मुख्य पानं काही दिवसांत परततात, आतल्या पानांना काही आठवडे लागतात. या काळात डिझाइन, पत्ते, शीर्षकं यांतलं काहीही बदलू नका, नाहीतर कशाचा परिणाम कशामुळे झाला ते कुणालाच सांगता येणार नाही.

पुढच्या अपडेटआधी बसवायची तपासणी

डेव्हलपरकडून एक छोटी स्क्रिप्ट करून घ्या. तीच सहा पानं उघडून तिने पाहायचं ते असं: कोड २०० आहे का, एचटीएमएल आणि हेडर दोन्हींत नोइंडेक्स नाही ना, कॅनॉनिकल त्याच पत्त्याचा आणि एकच आहे का, शीर्षक ठरलेलं आहे का, आणि त्या पानाच्या मुख्य मजकुरातलं एक ठरावीक वाक्य एचटीएमएलमध्ये सापडतं का. शेवटची अट सोडू नका. रिकामं पान, देखभालीचं पान आणि फायरवॉलचं प्रश्न विचारणारं पान, तिन्ही तिच्यातच पकडले जातात. सोबत रोबोट्स डॉट टीएक्सटीची जपून ठेवलेल्या प्रतीशी तुलना, साइटमॅप उघडतो का याची खात्री, आणि दहा जुने पत्ते एकाच टप्प्यात योग्य जागी पोचतात का याची तपासणी.

ही स्क्रिप्ट प्रत्येक डिप्लॉयनंतर चालवा आणि रोज एकदा आपोआपही चालू द्या, कारण प्लगइन आणि फायरवॉल तुम्हाला विचारून बदलत नाहीत. काही चुकलं तर ज्याच्या हातात सर्व्हर आहे त्याला त्याच दिवशी निरोप जायला हवा; सर्च कन्सोलचा ईमेल येतो तोवर गूगलने बिघाड वाचून झालेला असतो. आणि स्क्रिप्ट साइटच्याच सर्व्हरवर ठेवू नका. तिथून ती सीडीएन आणि फायरवॉल ओलांडतच नाही, त्यामुळे बाहेरच्या जगाला ४०३ मिळत असतानाही तिला सगळं हिरवं दिसतं.